तळ्यातल्या पैलवानांचा खुराक

आमच्या मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, माणसावर माया करायची एकच रीत ठाऊक होती: त्याला खाऊ घालायचं. आनंद झाला की खाऊ घालायचं, भांडण झालं तरी खाऊ घालायचं. लग्न होऊन मी सांगलीहून कराडजवळच्या त्या गावात आले, तेव्हा उंबऱ्यावरचं माप ओलांडून आत पाऊल टाकते न टाकते तोच त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाले, "हिला उद्यापासनं दूध सुरू कर. मनगाट बघ की पोरीचं, बोरूगत हाय." नव्या सुनेची अशी चारचौघांत तपासणी करणारा सासरा मी तरी दुसरा पाहिला नाही. मी विश्रामबागेत वाढलेली, मॅट्रिक झालेली मुलगी. माझं नाकच जरा वर होतं. मला असा राग आला की हसऱ्या चेहऱ्यानं फोटोला उभं राहणं जड गेलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तांब्याभर धारोष्ण दूध समोर आलं, आणि मी ते संपवीपर्यंत मामंजी पाठीवर हात बांधून दारात उभे. पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तर शेजारच्या काकूंनी मला ओळखलंच नाही.

मामंजी तालमीचे वस्ताद. हंबीरराव वस्ताद म्हटलं की कराड-वाळव्याकडे जुनी माणसं अजून मान डोलावतात. गावातली पोरं त्यांच्या हाताखाली माती अंगाला लावायची. कुस्ती शिकवता शिकवता त्यांना जेवायला घालणं हेही वस्तादांचंच काम. कुणाच्या घरी दुभतं नसलं तर आमच्या म्हशीचं दूध त्या पोराच्या घरी जायचं. बदाम वाटायला पाटा आमचा आणि हात माझ्या सासूबाईंचे. राहीबाई त्यांचं नाव. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्या म्हणत, "माझा जलम बदाम वाटण्यात गेला गं, पर येक कवा तोंडात पडला न्हाई."

मग दुष्काळ पडला. माणसांनाच खायला मिळेना तिथं पैलवानांचा खुराक कुठला? कुणी पलटणीत भरती झालं, कुणी साखर कारखान्यात लागलं. माझे यजमान मानसिंग आधीच फौजेत होते. पुढं पाऊस बरा झाला तरी पोरं काही तालमीकडं वळली नाहीत. आखाड्याची माती दगडासारखी आवळली. एक दिवस मामंजींनी तालमीला कुलूप घातलं, घरी आले, बाजेवर आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

ते काही आजारी नव्हते. डॉक्टरांनी येऊन पाहिलं, छाती ठोकली, जीभ बघितली आणि चहा पिऊन गेले. पण मामंजींचं जेवण तुटलं. दुसऱ्याच्या ताटात वाढण्यात ज्या माणसाचा जीव, त्याला स्वतःचं ताट नकोसं झालं. माझं दूध कुणी दारात उभं राहून बघेना. आधी मला त्याचं बरं वाटलं आणि मग अजिबात बरं वाटेना. यजमान सुट्टी संपवून आसामला परत निघाले तेव्हा मला एवढंच म्हणाले, "आबांना बाजेवरनं उठव." जसं काही ते धान्याचं पोतं होतं. मी म्हटलं, तुम्ही शिपाई माणसं, तुम्हाला हुकूम देणं सोपं. पण मनात मी तो हुकूम घेतलाच होता. आत्याबाई रात्रंदिवस नवऱ्याच्या पाठीकडं बघत बसायच्या, ते मला बघवत नव्हतं.

अशात रामगोंडा साहेब गावात आले.

हे सरकारचे मासेवाले साहेब. गावोगावची तळी बघायची, त्यांत माशांची पिल्लं सोडायची, लोकांना ती वाढवायला शिकवायचं, ही त्यांची नोकरी. आणि साहेब होते सांगलीकडचे जैन! मासा सोडाच, जन्मात अंडंही तोंडाला लावलेलं नाही. चावडीत त्यांच्यासाठी कुणी मटणाचा बेत करू म्हणालं तर ते पिशवीतनं आपली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढायचे. गावानं त्यांची भरपूर थट्टा केली. ते शांतपणे म्हणायचे, "खायचे कसे ते मला विचारू नका. जगवायचे कसे तेवढं मी सांगतो." तळ्यात जाळं पडायच्या दिवशी ते हमखास रजेवर असतात, हे नंतर आम्हाला कळलं.

गावाबाहेर रस्त्यासाठी दगड काढून काढून एक खाण झाली होती. तिच्यात पाणी साठून छान तळं तयार झालं होतं. एका अंगाला उतार, दुसऱ्या अंगाला दगडाची कड. साहेबांना ते पसंत पडलं. पंचायतीनं हो म्हटलं, पण रोज जाऊन बघणार कोण? ज्याला त्याला शेती. मी ती गोष्ट ऐकली आणि थेट बाजेपाशी गेले.

"मामंजी, साहेबांनी पोरं आणलीत. अगदी लहान आहेत. त्यांच्या खाण्यापिण्याचं बघणारं गावात कुणी नाही म्हणतात."

भिंतीकडं वळलेली मान जराशी हलली. "कुणाची पोरं?"

"चला तर खरं."

ते आले. तळ्याच्या काठावर मडकी मांडलेली होती आणि मडक्यांत बोटभर लांबीची पिल्लं चमकत होती. मामंजींनी मडक्यात हात घातला. पिल्लांनी त्यांच्या जाडजूड बोटांना टोचून बघितलं. मामंजींच्या चेहऱ्यावर तीच कळा आली जी माझं मनगट बघून आली होती. "लय बारीक हायती रं ही," ते म्हणाले. "ह्यास्नी खायला काय घालतासा?"

माझं काम झालं होतं.

साहेबांनी सगळं समजावून सांगितलं. शेणखत टाकायचं म्हणजे पाणी हिरवट होतं, त्यातले बारीक जीव माशांना आयतं खाणं. वरून शेंगपेंड आणि तांदळाचा कोंडा, भिजवून, गोळे करून. आणि आणखी एक गोष्ट ते करून बघत होते. कोंडा ताकात कालवून रात्रभर आंबवायचा आणि मग द्यायचा. "हे अजून कुठल्या पुस्तकात मी वाचलेलं नाही, वस्ताद. माझा आपला अंदाज. आपल्या पोटात जसे चांगले जंतू असतात, विरजणात असतात तसे, ते माशाच्याही पोटात पाहिजेत. त्यांनी जागा धरली की रोगाच्या जंतूंना जागा राहत नाही. खाल्लेलं अंगी लागतं."

मामंजींनी डोळे मिटून ते ऐकलं आणि म्हणाले, "तालमीगतच की मग. चांगली पोरं आखाडा धरून बसली की टवाळांस्नी आत शिरायला जागाच न्हाई."

"अगदी तसंच," साहेब म्हणाले.

"आन् आमीबी आखाड्याच्या मातीत ताक घालतोय साहेब. हळद, तेल, लिंबू, ताक. ताकानं माती जित्ती ऱ्हाती."

त्या दिवसापासून दोघांचं जुळलं. घरी मात्र ताकावरून जुंपली. आत्याबाई म्हणाल्या, "माश्यास्नी ताक? मग माझ्या म्हशीला काय, सोडा लेमन पाजू?" पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच ताकाचं गाडगं भरून दारात ठेवलं. मामंजी ते उचलून तरातरा निघाले. आत्याबाई त्यांच्या पाठीकडं बघत राहिल्या, या वेळी ती पाठ चालत होती.

पिल्लं वाढली. दसऱ्यापर्यंत वीतभर झाली, संक्रांतीला हातात मावेनात. रामगोंडा साहेब महिन्यातनं एकदा मुक्कामाच्या एसटीनं येत, रात्री चावडीत झोपत आणि सकाळी तळं बघून त्याच गाडीनं परत जात. मासा हातात घेऊन कल्ले उघडून बघायचे, खवल्यांवरून बोट फिरवायचे आणि "निरोगी आहे" म्हणून असा हळुवार पाण्यात सोडायचे की जणू झोपलेलं मूल अंथरुणावर ठेवतायत. इतर गावांतल्या तळ्यांत माशांना बुरशी लागली, इथं एकाला नाही. साहेब खूश, मामंजी त्याहून खूश. ते आता दोन वेळा जेवायला लागले. माझं दूधही पुन्हा सुरू झालं. मी नाक मुरडून प्यायची, पण प्यायची.

इथवर सगळं नीट होतं. पण वस्तादाचा स्वभाव! घोटभर ताकानं एवढा गुण येतो, तर चांगला खुराक दिला तर काय होईल, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला. कोंडा आणि पेंड म्हणजे गुरांचं खाणं. पैलवानाला त्यावर किती दिवस ठेवायचं?

आमच्या घरातली तुपाची बरणी उतरायला लागली. आत्याबाईंचा पहिला संशय अर्थातच माझ्यावर. त्या उघड काही बोलल्या नाहीत, पण भाकरी वाढताना माझ्या गालांकडं बघायच्या. मला संताप आला. तूप मला मुळात आवडत नाही! मग एके दिवशी बदामाची पुडी गेली, कोंबड्यांच्या खुराड्यातली अंडी गेली, आणि आमच्या दोघींच्या डोक्यात एकदमच उजेड पडला. आत्याबाईंनी मामंजींना परड्यात गाठलं. ते पाट्याशी बसून स्वतःच्या हातानं बदाम वाटत होते. शेजारी परातीत दूध, तूप, अंडी आणि पेंड यांचा भलाथोरला लगदा.

"आवं, काय ह्ये?"

"खुराक," मामंजी पोरासारखे हसून म्हणाले. "त्यो मोठ्या डोस्क्याचा कटला मासा हाय न्हवं, त्येची छाती बघशील तर येडी व्हशील."

मला वाटलं आता आकाशपाताळ एक होणार. पण आत्याबाई खाली बसल्या आणि मामंजींच्या हातातला वरवंटा घेतला. "सरा तिकडं. तुमाला वाटाया येतंय व्हय?" रात्री मला म्हणाल्या, "जाऊ दे तूप. बाजेवरनं उठलाय माणूस. त्यो परत तितं गेला तर मी काय करू?" मलाही तीच भीती होती. गावाला वाटायचं की वस्तादानं नवा छंद लावून घेतलाय. आम्हा दोघींना माहीत होतं की त्या तळ्यावर या घराचा कर्ता माणूस उभा आहे.

चैत्र सरत आला. उकाडा असा की म्हैसही सावली सोडीना. तळ्याचं पाणी खाली गेलं, हिरवंगार आणि दाट झालं. एके दिवशी सकाळपासून आभाळ भरून राहिलं, पण थेंब पडला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायला मामंजी परात घेऊन निघाले आणि मला म्हणाले, "चल गं, दावतो तुला पैलवान."

काठावर पोचलो आणि मी थक्क झाले. सगळं तळं माशांनी भरलेलं. एरवी गोळा टाकल्यावर पाण्याखालून सळकन येणारे मासे आज आपणहून वर आले होते. शेकडो तोंडं पाण्याच्या बाहेर, आ करून, मिटून, पुन्हा आ करून.

मामंजींचा आनंद पोटात मावेना. "बघितलंस? आन्? मला बघून समदी वर आली! भुकेजली हायती गं लेकरं!" आणि त्यांनी परातीतले गोळे भराभर टाकायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी. पाण्यावर तुपाचे चकाकते ठिपके पसरले. "खा रं, खा! हाय अजून!"

पण कुणी खाईना. गोळे तोंडाला लागून बाजूला सरकत होते, तोंडं नुसती उघडत-मिटत होती. मी म्हणाले, "मामंजी, हे खात नाहीत." ते म्हणाले, "खातील की. दमानं." आणि आणखी एक गोळा टाकला. तेवढ्यात कडेच्या दगडापाशी एक मासा हळूच उलटला आणि त्याचं पांढरं पोट वर आलं. मग दुसरा.

मामंजींचा हात परातीतच राहिला.

रामगोंडा साहेब आदल्या रात्रीच्या गाडीनं आले होते. ते चावडीकडून चालत येत होते; पाणी दिसलं तसे धावत सुटले. काठावर बसले, ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला, परातीकडं पाहिलं. ओरडतील असं मला वाटलं. ते ओरडले नाहीत, तेच फार वाईट होतं.

"वस्ताद, हे भुकेले नाहीत. गुदमरलेत."

"म्हंजी?"

"पाण्यातही हवा असते. आपल्याला लागते तशी त्यांनाही लागते. ऊन पडलं की ती भरून निघते, काल दिवसभर ऊन नव्हतं. आणि तळाशी हे सगळं दूध-तूप नासतंय. नासताना ते सगळी हवा खाऊन टाकतं. श्वास घ्यायला वर आलेत ते."

मामंजी दगडावर बसले. मी त्यांना कुस्ती हरल्याचं कधी पाहिलं नव्हतं, पण बहुतेक तेव्हाही ते असे बसले नसतील. "मी घातलं," ते म्हणाले. "मीच घातलं त्येंच्या तोंडात."

"वस्ताद, आता बसू नका," साहेब म्हणाले. "पाण्याला हवा द्यायला पाहिजे. पाणी उपसायचं इंजिन कुठाय?"

इंजिन कराडला दुरुस्तीला गेलं होतं.

"मग माणसं पाहिजेत. भरपूर. पाणी वर उडवायचं, उंचावरून ओतायचं, उन्हं वर येईपर्यंत थांबायचं नाही. पण तळाचा गाळ ढवळू नका, तो वर आला तर सगळंच संपेल."

मुक्कामाची एसटी तिथंच रस्त्यावर सुटायच्या तयारीत उभी होती. तिचा ड्रायव्हर गुंडा. मामंजींचा जुना पठ्ठ्या, एके काळी पंचक्रोशीत त्याला जोड मिळत नव्हती, आता पोट स्टिअरिंगला टेकायचं. मी पदर खोचला आणि धावले. "गुंडाभाऊजी, मामंजींचं तळं मरतंय! माणसं पाहिजेत!" त्यानं काहीही विचारलं नाही. हॉर्नवर हात ठेवला आणि तो उचललाच नाही. ती जुनी एसटी अशी बोंबलली की सगळं गाव आग लागल्यासारखं घराबाहेर पडलं. कंडक्टर "अरे गाडीची वेळ" म्हणत होता. गुंडा खाकी शर्ट काढून त्याच्या अंगावर टाकत म्हणाला, "कुठं जातीया गाडी माझ्याबिगर?"

आणि ते आले. कारखान्यातनं रात्रपाळी करून आलेले, दुकान उघडायला निघालेले, वैरणीचा भारा डोक्यावर असलेले. मामंजींच्या हातचं दूध जे जे प्याले होते ते सगळे. पोटं सुटलेली, केस पांढरे झालेले, एकाचा तर गुडघा वाकत नव्हता. धोतरं वर खोचून, कुणी चड्डीवर, ते उताराकडून छातीभर पाण्यात शिरले. मामंजी उठले. परात लांब भिरकावली आणि तेही शिरले.

"आवं! दम लागतोय तुमाला!" आत्याबाई काठावरून ओरडल्या.

"त्येंना बी लागलाय!" मामंजी पाण्यातनं म्हणाले, आणि मग त्यांचा तो आवाज सुटला जो बंद तालमीबरोबर गेला असं आम्हाला वाटलं होतं. "पाय हलवू नगा रं! गाळ उठंल! हात मारा, वरचं पाणी मारा! गुंड्या, लेका, हात हाय का मडक्यावरची येळणी? खांद्यातनं मार!"

पलीकडच्या कडेला आम्ही बायका घागरी, बादल्या, कळश्या घेऊन उभ्या राहिलो. वाकून पाणी घ्यायचं, डोक्यावर उचलून धबाधब ओतायचं. आत्याबाई माझ्या शेजारी. साहेब वहाणा काढून जाळीनं तुपाचे गोळे आणि तवंग गोळा करत होते. मेलेला मासा हाताला लागला की ओठ हलवत तो बाजूला ठेवत. एसटीतले उतारू काठावर उभे राहून बघत होते, मग त्यांतलेही चार उतरले. माझे खांदे भरून आले, लुगडं चिंब झालं, तरी मला मनातून असा आनंद होत होता की मलाच लाज वाटली. मासे तडफडत होते आणि मी मामंजींचा आवाज ऐकत होते.

उशिरा ढग फाटले. पाण्यावर ऊन पडलं. एकेक तोंड पाण्याखाली जायला लागलं. साहेब बराच वेळ उकिडवे बसून बघत राहिले आणि मग म्हणाले, "थांबलात तरी चालेल."

पुष्कळ गेले, पण त्याहून पुष्कळ जास्त वाचले. गुंडा ओल्या अंगावर शर्ट चढवून गाडीकडं पळाला. त्या दिवशी कराडची पहिली गाडी केव्हा पोचली ते कुणी विचारलं नाही. जाताना जो तो मामंजींच्या पाया पडून गेला. मामंजी कुणाच्याच तोंडाकडं बघत नव्हते.

साहेबांनी जाण्याआधी सांगितलं, "वस्ताद, आता काही दिवस मूठ उघडायची नाही. कोंडा नाही, ताक नाही, काहीच नाही. पाणी आधी निवळू दे."

"उपाशी ठिवू?"

"उपाशी नाही राहत ते. पाण्यात त्यांचं त्यांना मिळतं. फक्त तुम्ही काही द्यायचं नाही."

मामंजींनी ओले हात धोतराला पुसले. "काय द्यायलाच न्हाई, तर मी हितं येऊन करू काय, साहेब?"

साहेबांनी वहाणा पायात घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी उठले नाहीत. मी ओसरीवर आले तर तीच बाज, तीच भिंत, तीच पाठ. पुन्हा पहिल्यापासून! मला रडूही आलं आणि रागही आला. वाटलं, हलवून हलवून उठवावं या माणसाला. पण आत्याबाई माझ्याआधी तिथं पोचल्या होत्या. त्या बाजेच्या कडेला बसल्या. त्या मोठ्यानं बोलत नव्हत्या, पण मला सगळं ऐकू आलं.

"आवं, येक इचारू? मानसिंगाच्या आदी माझी दोन लेकरं गेली, ध्येनात हाय न्हवं?"

आत्याबाईंनी बाजेवरची वाकळ सारखी केली.

"तवा माझ्या तोंडात शीत जाईना. तुमी दूध आणलं, खारका आणल्या, मी समदं सारून दिलं. मग तुमी आणायचं सोडलं आन् नुसतं माझ्याजवळ बसाया लागला. काय बोलत बी नव्हता. तालीम सोडून बसत व्हता. त्यानं उठली मी. दुदानं न्हाई उठली." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "येवढी वर्सं बोलले न्हाई, आज बोलले. आता जावा तळ्याव. पोरांचं दुखणं हाय, वस्ताद घरी झोपतोय व्हय?"

मग बाज करकरली.

मी त्यांच्या मागून गेले. पाणी अजून गढूळ होतं, पण वास कमी झाला होता. मामंजी काठावर उभे राहिले. हात कुठं ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं. पाठीमागं बांधले, सोडले, पुन्हा बांधले. मग ते दगडावर बसले आणि दोन्ही रिकामे पंजे गुडघ्यांवर उताणे ठेवले.

पाण्यात हालचाल झाली. एक मासा आला, मग आणखी. तोंड वर न काढता, पाण्याखालीच, त्यांच्या पायांसमोर ते फिरायला लागले. काही मिळत नाही हे त्यांना कळलं असणार. तरी ते गेले नाहीत. सावकाश वळसे घेत राहिले. मामंजी बघत होते. त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"काय नसताना आली गं," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारच्या दगडावर बसले. सुनेनं सासऱ्याच्या शेजारी बसायची आमच्याकडं पद्धत नव्हती, पण त्या वेळी मला ते सुचलं नाही. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मनगटाकडं नाही, तोंडाकडं.

"पोरी, मानसिंगाबिगर तुला हितं करमतं का गं?"

लग्नाला तिसरं वर्ष लागलं होतं. हे मला कुणी विचारलं नव्हतं. आईनंही नाही, कारण उत्तराची तिलाच भीती असावी. 'करमतं की' असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि हुंदकाच बाहेर आला.

"नाही करमत, मामंजी. फार आठवण येते. रात्री त्यांचा चेहरा आठवायला जाते तर कधीकधी आठवतच नाही, मग भीती वाटते."

मला वाटलं, आता ते म्हणतील, चल घरी, शिरा करायला सांगतो. त्यांचा हात तसा उठलाही, सवयीनं. पण तो पुन्हा गुडघ्यावर येऊन बसला.

"सांग," ते म्हणाले. "मी हाय हितं."

आणि मी सांगत गेले.